बाळाला दात येतायत, हिरड्या दुखतात – नेमकं काय करावं?

निळीशाई
मुलगी सात महिन्यांची आहे. खालची हिरडी पुढून फुगलीय, बोट फिरवलं की आत टोकदार कड लागते. हाताला लागेल ते तोंडात कोंबते, माझा खांदासुद्धा चावते. लाळेरं बघता बघता चिंब होतं आणि हनुवटीवर लाल पुरळ उठलंय. दिवस कसाबसा निघतो, पण रात्री झोपेतून किंचाळत उठते, दूध तोंडात घेते आणि लगेच सोडून रडायला लागते. तिला दुखतंय हे समोर दिसत असतं आणि माझा जीव कासावीस होतो.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. दुखणं कमी व्हायला घरी काय करता येईल? हिरड्यांना लावायची जेल मिळते, ती लावावी का? आणि कालपासून शी पातळ होतेय. घरात सगळे म्हणतात दातांमुळे, चालायचंच. खरंच चालतं का?

मोरपीस
निळीशाई, माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी सगळ्यात उपयोगी पडलं ते गार ओलं फडकं. मऊ सुती कापडाचा स्वच्छ तुकडा उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून घट्ट पिळायचा, एका टोकाला गाठ मारायची आणि झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायचा. फ्रीजरमध्ये नाही. मग गाठ तिच्या हिरडीवर येईल अशी द्यायची आणि दुसरं टोक आपल्या हातात धरायचं. गाठ चावायला बरी पडते, कापडाच्या विणीमुळे हिरडी चोळली जाते आणि गारव्याने ठणका कमी होतो. दोनतीन तुकडे तयार असले की एक कोमट झाल्यावर दुसरा देता येतो. वापरलेला तुकडा धुतल्याशिवाय परत ठेवू नका.

दुसरं म्हणजे आपलं बोट. नखं कापलेली, हात साबणाने धुतलेले. फुगलेल्या जागेवर बोटाचं पेर ठेवून हळूच दाबायचं आणि एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकवायचं. घाई करायची नाही. बाळ आधी तोंड फिरवतं, मग अचानक तेच बोट दोन्ही हिरड्यांमध्ये घट्ट धरून ठेवतं आणि श्वास संथ होतो. त्या वेळी बोट ओढून घेऊ नका, तिला हवं तितकं दाबू द्या. तिला आतून जो ताण जाणवतोय त्याला वरून तेवढाच दाब मिळाला की आराम पडतो.

हनुवटीच्या पुरळासाठी: लाळ पुसू नका, टिपा. सारखं घासून पुसलं की कातडी आणखी सोलवटते. झोपवण्याआधी कोरडं करून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा, म्हणजे रात्रभर लाळ थेट कातडीला लागत नाही. मानेच्या वळ्यांमध्येही बघा, तिथे ओल साचून राहते.

गारवा
फडक्याला अनुमोदन. आणि टीदर, म्हणजे बाळाला चावायला द्यायचं खेळणं, घेणार असाल तर एकसंध सिलिकॉनचा किंवा रबराचा घ्या. आत पाणी किंवा जेल भरलेला फुटला की ते सगळं तोंडात जातं. फ्रीजरमध्ये दगडासारखा गोठवलेला टीदर तर अजिबात देऊ नका, त्याने हिरडीला इजा होते.

जुनीवही
तीन मुलं वाढवली, आता नातवंडं बघतेय. दात येताना अंग तापतं, शी पातळ होते हे मी डोळ्यांनी पाहिलंय, कुणी सांगून नाही. प्रत्येक वेळी बाळ उचलून दवाखाना गाठायचा म्हटलं तर आईने करायचं काय? त्यापेक्षा कडेवर घ्यावं, घरभर फिरवावं, छातीशी धरावं. अर्धं दुखणं तिथेच उतरतं.

शुभ्रकळी
मी लहान मुलांची दंतवैद्य आहे. जुनीवही काकू, कडेवर घेण्याबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. जवळ घेतल्याने बाळाचं दुखणं खरोखर कमी होतं, ती केवळ समजूत नाही. तापाबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहिते, कारण निळीशाईंचा तिसरा प्रश्न पहिल्या दोन्हींपेक्षा महत्त्वाचा आहे.

दात हिरडी फाडून वर येतो असं आपल्याला वाटतं, पण तसं होत नाही. दात वर सरकतो तसतसं त्याच्या डोक्यावरचं आवरण आपणहून विरत जातं आणि वाट मोकळी होते. हे होत असताना त्या जागी थोडी सूज येते, हिरडी हुळहुळते, ठणकते. म्हणजे जे काही होतं ते त्या एका जागेपुरतं. एवढ्याशा सुजेने सगळं अंग फणफणत नाही.

मग काकूंनी पाहिलं ते काय? त्यांनी पाहिलं ते खरंच आहे, फक्त त्याचं कारण वेगळं आहे. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतो. नेमक्या त्याच सुमाराला आईकडून पोटात असताना मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत आलेली असते. बाळ पालथं पडून, सरकत, जमिनीवरच्या वस्तू उचलून तोंडात घालायला लागतं. वरचं खाणंही तेव्हाच सुरू होतं, त्यामुळे शीचा पोत बदलतो. या सगळ्याची एकच वेळ येते. दात दिसतो, विषाणू दिसत नाही, म्हणून खापर दातावर फुटतं.

यावर नीट अभ्यास झालेला आहे. २००० साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी १२५ बाळांच्या पालकांकडून रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या होत्या. दात दिसण्याआधीचे ४ दिवस, तो दिवस आणि नंतरचे ३ दिवस, एवढ्या काळात चावणं, लाळ, हिरड्या चोळणं, चिडचिड, कान चोळणं, चेहऱ्यावर पुरळ, घन खाणं कमी होणं आणि अंग किंचित कोमट लागणं हे वाढलेलं दिसलं. जुलाब, उलट्या, खोकला आणि १०२ फॅरेनहाइटच्या वरचा ताप यांचा दाताशी संबंध दिसला नाही. यातली सगळी लक्षणं प्रत्येक बाळात दिसत नाहीत. पुष्कळ बाळांचे दात तर कुणाला न कळता येतात. २०१६ साली असे अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हाही हेच निघालं: हिरड्यांची शिवशिव, चिडचिड आणि लाळ या मुख्य तक्रारी. अंगाची ऊब थोडी वाढते, पण ती तापापर्यंत जात नाही.

तेव्हा निळीशाई, थर्मामीटर लावा. ३८ सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त असेल तर तो ताप समजायचा आणि त्याचं कारण दाताबाहेर शोधायचं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला एवढा ताप असेल तर सकाळची वाटसुद्धा बघायची नाही. आणि पातळ शी पाण्यासारखी, वारंवार होत असेल तर तो जुलाबच आहे. अंगावरचं दूध चालू ठेवा, पुन्हा पुन्हा पाजा, आणि आजच डॉक्टरांशी बोला. ओआरएस किती द्यायचं ते तेच सांगतील. लंगोट किती वेळा ओला होतो इकडे लक्ष ठेवा. सहासात तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोक्यावरची टाळू खोल गेल्यासारखी वाटते, बाळ मलूल पडलंय, यातलं एकही दिसलं तर थांबू नका.

निळीशाई
शुभ्रकळी ताई, मनापासून आभार. आत्ताच मोजलं, ९९.१ आहे. शी आज पाण्यासारखी आहे, त्यामुळे दुपारची वेळ घेतली. जेलबद्दल कुणी सांगेल का? शेजारच्या ताईंनी त्यांच्याकडची ट्यूब आणून दिलीय.

औषधपेटी
मी औषधनिर्माता आहे, जेलबद्दल मी सांगतो. ती ट्यूब बाजूला ठेवा आणि आधी मागचं बारीक अक्षर वाचा.

बेंझोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध, असेल तर नको. त्याने क्वचित बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद एकदम घटते, ओठ आणि नखं निळसर पडतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, मे २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी अशी उत्पादनं विकणं थांबवा असं कंपन्यांना सांगितलं. लिडोकेन हेही बधिर करणारंच, ते असेल तरी नको. बाळ गिळतं, आणि ते जास्त पोटात गेलं तर झटके येऊ शकतात, हृदयावर परिणाम होतो. २०१४ मध्ये लिडोकेनच्या घट्ट द्रावणावर एफडीएने चौकटीतला इशारा छापायला लावला, की दात येणाऱ्या बाळाला हे देऊ नये. कोलीन सॅलिसिलेट असेल तर ते ॲस्पिरिनच्या कुळातलं आहे. ब्रिटनमध्ये २००९ पासून ते सोळा वर्षांखाली वापरू नका असा सल्ला आहे.

धोका बाजूला ठेवला तरी जेलचा उपयोग तसा कमीच. इतकी लाळ गळत असताना लावलेलं हिरडीवर टिकणार किती वेळ? मिनिटाभरात वाहून जातं, म्हणून परत लावलं जातं, मग परत. बाळाच्या पोटात जास्त औषध जातं ते असं. शिवाय घसा बधिर झाला तर दूध गिळताना ठसका लागतो.

लवंगेचं तेलही नको, ते बाळाच्या तोंडात भाजल्यासारखं झोंबतं आणि पोटात गेलं तर यकृताला घातक ठरू शकतं. मध चाटवायचा तर एक वर्षाच्या आत मुळीच नाही, त्यात बोट्युलिझमचे, म्हणजे बाळाचे स्नायू लुळे पाडणाऱ्या गंभीर आजाराचे, बीजाणू असू शकतात.

दातांच्या नावाखाली बाळांना काय काय दिलं गेलंय हे वाचलं की पोटात गोळा येतो. इंग्लंड-अमेरिकेत दात येणाऱ्या बाळांना द्यायच्या पावडरीत वर्षानुवर्षं पारा असायचा. हातापायांचे तळवे गुलाबी होऊन सोलायचे, मुलं वेदनेने तळमळायची, कित्येक दगावली. ब्रिटनमध्ये १९५४ च्या सुमारास पावडरींतून पारा काढला आणि तो आजारच हळूहळू नाहीसा झाला. त्याआधी एकोणिसाव्या शतकात याच कामासाठी मॉर्फिन घातलेलं सिरप सर्रास विकलं जायचं. बाळ शांत झोपायचं, आणि काही बाळं उठायचीच नाहीत. तेव्हा ‘लावलं की लगेच शांत होतं’ असं कुणी सांगितलं की मी आधी त्यात काय आहे ते विचारतो.

गळ्यात घालायच्या मण्यांच्या माळाही यातच आल्या. पिवळ्या अंबरच्या माळा हिरड्या शांत करतात असं सांगून विकतात. माळ अडकून गळा आवळला जातो, तुटली तर मणी श्वासनलिकेत जातो. अशा माळेने दुपारच्या झोपेत अठरा महिन्यांचं मूल गेल्याची घटना एफडीएने २०१८ च्या इशाऱ्यात नोंदवली आहे.

आता काय चालतं ते. गार फडकं, बोट, जवळ घेणं हे सगळं करूनही रात्र असह्य होत असेल तर पॅरासिटामॉल. रोज नाही, फक्त फार त्रासाच्या रात्री, आणि डोस डॉक्टरांनी वजनावरून ठरवून दिलेला. साधारण हिशोब एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम असतो, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, आणि दिवसाला चारपेक्षा जास्त वेळा नाही.

इथे बाटलीकडे नीट बघा. थेंबांच्या बाटलीत बहुधा १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम असतं आणि पातळ सिरपमध्ये ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५. सात किलोच्या बाळाला सिरप ३-४ मिली लागेल, थेंब जेमतेम १ मिली. सिरपच्या मापाने थेंब दिले तर डोस चौपट होतो. झोपेच्या भरात हे सहज घडू शकतं, म्हणून घरात एकच बाटली ठेवा आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात माप लिहून चिकटवा. सर्दीच्या औषधातही पॅरासिटामॉल असतं, दोन्ही एकदम देऊ नका. आयबुप्रोफेन सहा महिन्यांच्या आत नको, आणि जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल तर तेव्हाही नको. तुमच्या बाळाला आत्ता तेच चालू आहे. ॲस्पिरिन तर लहान मुलांना कधीच नाही.

पाऊलवाट
शुभ्रकळी यांच्या प्रतिसादाला जोडून आमचा अनुभव लिहितो. मुलगा वर्षाचा असताना लाळ धो धो, तोंडात काही घेईना, ताप १०२. वरचे दात येत होतेच, त्यामुळे सगळ्यांचं एकमत झालं. बायकोने टॉर्च लावून तोंडात बघितलं तर हिरड्या पुढपासून मागपर्यंत लालभडक, एका ठिकाणी रक्त, आणि जिभेच्या टोकाला व ओठाच्या आत बारीक पांढरट फोड. तसेच दवाखान्यात गेलो. नागिणीच्या कुळातल्या विषाणूचा, हर्पिसचा पहिला संसर्ग निघाला. घरातल्या कुणाच्या ओठावर फोड आलेला असताना बाळाचा मुका घेतला की होतो म्हणे. आठवडाभर गार पातळ काहीतरी चमच्याचमच्याने पाजत राहणं हेच मुख्य काम होतं.

म्हणून सांगतो, टॉर्च लावून तोंडात बघा. दात येताना एका जागी फुगतं. सगळ्या हिरड्या सुजल्या, रक्त आलं, फोड दिसले तर ते दाताचं दुखणं नव्हे.

शुभ्रकळी
पाऊलवाट, अगदी नेमकं लिहिलंत. ही गल्लत फार होते. याला जोडूनच: कधी कधी दात येणाऱ्या जागी निळसर-जांभळा, टपोरा फुगा दिसतो आणि आईबाप घाबरतात. ते दातावरच्या पिशवीत साचलेलं पाणी किंवा रक्त असतं. दात वर आला की आपोआप फुटून जातं. टोचू नका, दाबू नका. कानाचंही असंच. जबड्याची कळ कानापर्यंत जाते म्हणून बाळ कान ओढतं, पण सोबत ताप असेल किंवा कान वाहत असेल तर कान तपासून घ्या.

जुनीवही
शुभ्रकळी, तू समजावून सांगितलंस ते पटलं. दात आणि जुलाब एकाच वेळी आले म्हणून एकाने दुसरं झालं असं नाही, एवढं मला कळतं. पण रात्रीचं कुणी बोललंच नाही अजून. या मुलीला खरी गरज रात्रीचीच आहे.

चांदणवेल
काकू, मी लिहिते. आमच्या जुळ्यांचे दात एकदम आले, त्यामुळे रात्रीचा सराव चांगलाच झालाय.

दिवसा बाळाचं लक्ष शंभर गोष्टींत असतं. रात्री अंधार, शांतता आणि फक्त ती हिरडी. आडवं केलं की ठणका जास्त जाणवतो, म्हणून खांद्यावर उभं धरलं की रडं थांबतं. झोपवताना मात्र पाठीवर, सपाट गादीवरच. डोक्याखाली उशी वगैरे घालून उंच करू नका, त्याने श्वास कोंडायचा धोका असतो. टीदर किंवा फडकं तोंडात ठेवून झोपू देऊ नका.

आम्ही क्रम ठरवून टाकला होता. झोपेच्या आधी गार फडकं, मग बोटाने हिरडी चोळणं, मग दूध. दूध शेवटी, कारण चोखताना हिरडीत कळ येते आणि बाळ दूध सोडतं. आधी हिरडी शांत झालेली असली तर पोट भरून पितं. मध्यरात्री उठल्यावर दिवा न लावता, न बोलता परत तोच क्रम. डबा फ्रिजच्या पुढच्याच कप्प्यात ठेवायचा, अंधारात हाताला लागेल असा. आणि रात्री वाटून घ्या. एकाने मध्यरात्रीपर्यंत, दुसऱ्याने पहाटेपर्यंत. अंगावर पाजत असाल तर पाजून झालं की बाळ बाबाच्या खांद्यावर. एकाच माणसाने सलग जागायचं हे कुणाच्याच्याने निभत नाही.

निळीशाई
दवाखान्यात जाऊन आलो. पोटाचा संसर्ग आहे, सौम्य. ओआरएस आणि झिंक दिलंय, दूध चालू. दात आणि जुलाब दोन्ही आहेत, पण दोन्हींचे उपाय वेगळे असं डॉक्टरांनीही सांगितलं. गाठीचं फडकं तिला फार आवडलंय, स्वतःच हात पुढे करते. जेलची ट्यूब शेजारच्या ताईंना समजावून परत केली.

आता नवीनच प्रकार. दूध पिता पिता चावते. काल कळ थेट मस्तकात गेली. पाजणं बंद करावं लागेल का?

मोरपीस
मुळीच नाही. बाळ खरंच दूध ओढत असतं तेव्हा त्याची जीभ खालच्या हिरडीवर आलेली असते, त्या वेळी चावताच येत नाही. चावतं ते पिणं संपत आलं की, किंवा झोपेत जबडा आवळला की. त्यामुळे गिळण्याचा आवाज थांबला, जबडा नुसताच हलायला लागला की आधीच तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी आत सरकवून पकड सोडवा. ओढून काढू नका, त्यानेच जखम होते. चावलंच तर किंचाळू नका, काही बाळं दचकून पुढचे दोन दिवस पीतच नाहीत. शांतपणे सोडवून ‘नाही’ म्हणा आणि थोडा वेळ थांबून परत घ्या. पाजण्याआधी गार फडकं चावायला दिलं की चावण्याची हौस तिथेच भागते.

रानवाट
आमचं उलटंच आहे. मुलगा अकरा महिन्यांचा झाला, अजून एकही दात नाही. आणि दाढांच्या वेळी जास्त दुखतं असं ऐकलंय, ते खरं का?

शुभ्रकळी
रानवाट, अकरा महिन्यांत दात नसणं बऱ्याच मुलांत असतं, विशेषतः आईवडिलांचे दात उशिरा आले असतील तर. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय खऱ्या तारखेवरून धरू नका, ठरलेल्या तारखेपासून मोजा. तसंही पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दंतवैद्यांना दाखवायचं असतं, तेव्हा हे विचारून घ्या. अठराव्या महिन्यापर्यंत एकही दात आला नाही तर तपासण्या कराव्या लागतात.

दाढांचं खरं आहे, बऱ्याच मुलांना त्या जास्त जाणवतात, कारण त्या रुंद असतात. पहिल्या दाढा १३ ते १९ महिन्यांत, सुळे १६ ते २३ महिन्यांत आणि मागच्या दाढा २३ ते ३३ महिन्यांत येतात, असे तीन वर्षांपर्यंत सगळे वीस दात पूर्ण होतात. दाढांच्या वेळी पुढून चावायला दिलेलं फडकं त्या जागेपर्यंत पोचत नाही. गाठ गालाच्या आतून मागे न्यावी लागते, आणि बोट घालताना जपून, कारण तोवर पुढचे दात धारदार झालेले असतात. टीदरही लांबट घ्या, मागपर्यंत जाईल पण घशात जाणार नाही अशा रुंद मुठीचा.

निळीशाई, तुमच्यासाठी: दात दिसला की त्याच दिवसापासून मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. बाजूची हिरडी हुळहुळी असेल तर ब्रश आधी गार पाण्यात बुडवा, मग ती तोंड मिटून घेणार नाही.